पाना पडला, खूण नाही: थर्मल कॅमेऱ्यात काय दिसेल?

प्रश्न: कार्बन फायबरच्या ३ मिमी जाड पॅनेलवर पाना पडला. वरून चरासुद्धा नाही. थर्मल कॅमेरा रोखला तर सगळं पॅनेल एकाच रंगाचं दिसतं. आत सगळं ठीक आहे असं धरू का?

उत्तर: मुळीच धरू नका. पॅनेल आणि खोली एकाच तापमानाला असतील तर कॅमेऱ्याला दाखवायला काही उरतच नाही. आधी पॅनेल तापवायला हवं. असं पॅनेल एकावर एक चिकटवलेल्या थरांचं असतं, आणि धक्क्याने आतले थर सुटलेत तिथे हवेची फट असते. तिच्यामुळे उष्णता आत उतरत नाही आणि वरचा भाग शेजारपेक्षा जास्त वेळ गरम राहतो.

५०० वॉटचे दोन हॅलोजन दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, अर्ध्या मीटरवर ठेवा. रेकॉर्डिंग आधी सुरू करा, मग दिवे चार-पाच सेकंद लावा. पृष्ठभाग १०-१५ अंशांनी तापला की पुरे. दिवे विझवून लगेच झाका, कारण तापलेल्या काचेचं प्रतिबिंब पॅनेलवर डागासारखं दिसतं. कॅमेऱ्याची तापमानपट्टी ऑटोवर ठेवू नका. ती सतत बदलत राहते आणि पुसट डाग त्यात हरवतो.

नंतर किमान अर्धा मिनिट चित्रीकरण चालू ठेवा. फट दुप्पट खोल असली की वेळ चौपट लागतो: १ मिमी खालची फट साधारण दोन सेकंदांनी उमटते, २ मिमी खालची आठ-नऊ सेकंदांनी, तीही फिकी. आघाताचं नुकसान आत शिरताना पसरत जातं, सर्वांत रुंद फटी मागच्या बाजूला असतात. म्हणून जमत असेल तर मागूनच तपासा.

पॅनेल चकचकीत असेल तर धुऊन निघणारा मॅट काळा रंग लावा. डाग खरा की प्रतिबिंब, हे कॅमेरा थोडा सरकवून कळतं. प्रतिबिंब जागा सोडतं. मजबुतीसाठी मागे चिकटवलेली पट्टी थंड दिसते, ते नुकसान नव्हे.

जितकी खोल आहे त्यापेक्षा कमी रुंद असलेली फट सहसा दिसत नाही, आणि सुटूनही एकमेकांना घट्ट टेकलेले थर तर हमखास चकवतात. त्यामुळे आघाताच्या जागी डाग नसला तरी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी होणारी) तपासणी कराच.

प्रश्न: हनीकोंब सँडविचमध्ये (दोन पातळ थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेल्या पॅनेलमध्ये) पाणी शिरलंय का, हेही कळेल?

उत्तर: हो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. तापवताना त्या कप्प्यांवर गार ठिपके दिसतात, निवताना तेच गरम. फक्त खालच्या बाजूने बघा. पाणी तळाच्या पातळ थराला टेकलेलं असतं, वर राहिलेली हवा त्याला झाकून टाकते.