हप्ते थकले, घर किती दिवसांत जातं?

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही वडगावला राहतो. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत होते, दिवाळीनंतर काम सुटलं. 2019 ला घरासाठी बँकेचं 15 लाखांचं कर्ज काढलंय, हप्ता 14,800 चा, त्यातले 4 हप्ते थकलेत. गेल्या आठवड्यात रजिस्टरनं इंग्लिशमधली नोटीस आली, त्यात 60 दिवस असं लिहिलंय आणि एकदम साडेअकरा लाख भरा म्हणतायत. शेजारी सांगतात 60 दिवस झाले की घराला कुलूप. सासूबाई रात्र-रात्र झोपत नाहीत. खरंच दोन महिन्यांत घर सोडायला लागतंय काय?
- एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना सांगा की 60 दिवसांनी कुणी कुलूप लावत नाही. पण म्हणून ते 60 दिवस नुसते जाऊ देऊ नका, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर याच दिवसांत आहे.

हप्ता चुकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं, होतं. मग बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन कर्ज वसूल करायचा 2002 चा कायदा, नोटीस काढते, तीच तुम्हाला आलीय. हप्ते चारच थकलेत तरी पूर्ण कर्ज मागितलंय ते यामुळंच, हिशोब चुकलेला नाही. या 60 दिवसांत पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते, पण तो बहुतेक वेळा कागदावरचा ताबा असतो, बँकेत सिम्बॉलिक पझेशन म्हणतात. दारावर नोटीस चिकटवायची, फोटो काढायचा, आणि 7 दिवसांत दोन पेपरात जाहीर करायचं, त्यातला एक स्थानिक भाषेतला. आपल्याकडं तो कन्नड पेपर असू शकतो, आणि घरात मराठी पेपर येत असला तर जाहिरात कधी आली कळतही नाही. तेव्हा कन्नड वाचता येणाऱ्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगून ठेवा.

माणसं बाहेर काढायची तर बँक शक्यतो डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, अर्ज करते. त्यावर 30 दिवसांत आणि लांबलं तर एकूण 60 दिवसांत ऑर्डर व्हावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात फायली पुढं सरकायला वेळ लागतोच. तिथं तुमची बाजू ऐकायला कुणी बसत नाही, त्यामुळं तिथं जाऊन सांगू असं म्हणून थांबू नका. त्यानंतर लिलाव, आणि पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची नोटीस द्यावीच लागते. सगळं धरलं तर पहिला हप्ता चुकल्यापासून कागदावर सात-आठ महिने होतात, आणि माझ्या बघण्यातल्या बहुतेक घरांना वर्ष-दीड वर्ष लागलंय. पण त्या दीड वर्षात व्याज चढतच असतं हे विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथंच लोक फसतात. दोन महिन्यांनी कसाबसा एक हप्ता भरतात आणि खातं सुरळीत झालं समजतात. तसं होत नाही. एनपीए झालेलं खातं परत नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते, एका हप्त्यानं चालत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये स्पष्टच केलंय. तुमच्याकडं थकलेले चार हप्ते म्हणजे साठेक हजार, वर दंड आणि खर्च, आणि मधे पाचवा आला तर तोही. एवढं जमलं तर मॅनेजरना भेटा, भरतो पण कारवाई थांबवल्याचं लेखी द्या म्हणा, बऱ्याच बँका ऐकतात. तोंडी होकारावर घरी येऊ नका.

दुसरं म्हणजे नोटिशीला लेखी उत्तर द्या. रकमेत काही चूक असेल, काम गेल्याचं कारण असेल, हप्ता कमी करून मुदत वाढवून हवी असेल, सगळं लिहा, पोच घ्या. उत्तर मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेला कारणांसह कळवावं लागतं. पुढं बँकेनं ताबा घेतलाच आणि त्यात काही चुकीचं वाटलं, तर 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं, आपल्यासाठी ते बंगळूरला आहे, म्हणजे खर्च आणि हेलपाटे धरूनच विचार करा. वकील परवडत नसेल तर बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून त्या अर्जावर तुम्ही सही करा, मिस्टरांची नको.

आणि काहीच जमत नसेल तर घर स्वतः विका, बँकेला सांगून. लिलावात येणारा भाव आणि आपण गिऱ्हाईक शोधून मिळवलेला भाव यात मोठा फरक पडतो. पण लिलावाची जाहिरात निघायच्या आत करायला हवं, ती निघाल्यावर पूर्ण पैसे भरून घर सोडवायचा हक्क जातो, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तसंच सांगितलंय. खाजगी सावकाराकडून महिन्याच्या व्याजानं उचलून मात्र हप्ते भरू नका, ताई. वसुलीवाले रोज येत असतील तर सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची त्यांना परवानगी नाही, वेळ लिहून ठेवा.

मी बावीस वर्षं बँकेत काढली, शेवटची काही वसुलीत. खानापूर भागातल्या एका घरात नोटीस चिकटवायला गेलो होतो, आजीबाईंनी आधी आम्हाला तांब्यातून पाणी दिलं. मग देव्हाऱ्यामागून तीन लखोटे काढून दाखवले, एकही फोडलेला नव्हता. देवापुढं ठेवले होते, म्हणाल्या मुलगा आला की बघंल. मुलगा पुण्याला होता. पहिल्या लखोट्यावरची तारीख बघितली तर 60 दिवस कधीच संपलेले. मला अजून त्या लखोट्यांवरची हळदकुंकवाची बोटं आठवतात. तुम्ही पहिल्याच आठवड्यात लिहिलंत, बरं केलंत.

प्रश्न: निपाणीजवळ आमची तंबाखूची जमीन बँकेकडं गहाण आहे, कर्ज थकलंय. आमच्यावरही हाच कायदा लागतो काय?
- एक शेतकरी वाचक

उत्तर: दादा, शेतजमिनीवरचं तारण सरफेसीतून वगळलंय, पण जमीन खरोखर शेतीचीच असायला हवी. गावठाणातलं घर किंवा बिगरशेती केलेला प्लॉट या सवलतीत येत नाही, उताऱ्यावर काय नोंद आहे ते आधी बघा. आणि जमीन वगळली म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही, बँक कोर्टात दावा लावून वसूल करू शकते. कर्जाची रक्कम एक लाखापर्यंतच असेल, किंवा बरंच फेडून झालं असेल आणि उरलेलं येणं मुद्दल आणि व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर घरावरही सरफेसी चालत नाही. तुमचं कर्ज गावातल्या सहकारी बँकेचं असेल तर मात्र सावध राहा, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचं सांगितलंय, आणि तो खटला आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेचाच होता. सोसायटीचं किंवा सौहार्द सहकारी संस्थेचं असेल तर पद्धत वेगळी आहे, कर्जाचा कागद घेऊन सविस्तर लिहा, पुढच्या अंकात बघूया.