शेततळ्याला दोर बांधला का? इजा आणि हिंसेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चांदवड): शेजारच्या गावात शेततळ्यात पोरगा बुडाला आणि त्याला काढायला गेलेला चुलताही गेला. दोघांनाही पोहता येत होतं. मग असं कसं झालं? आमच्याही तळ्यात प्लास्टिकचा कागद आहे.

घात पाण्यापेक्षा काठ करतो. तिरका उतार, त्यावर 500 मायक्रॉनचा कागद, कागदावर शेवाळ. हाताला धरायला काहीच नाही. माणूस काठापर्यंत पोहत येतो, चढू पाहतो, घसरतो आणि दमतो. वाचवायला उडी घेणाराही तसाच अडकतो.

चारही बाजूंनी 18 ते 20 मिमी जाडीचा नायलॉनचा दोर तळापर्यंत सोडा आणि दर फुटावर गाठ मारा. एकाच बाजूला दोर असेल तर घाबरलेला माणूस तिथवर पोहोचत नाही. वरचं टोक पक्क्या जमिनीत खोल रोवलेल्या लोखंडी खुंटाला बांधा. बांधाच्या भुसभुशीत भरावातला खुंट ओढ बसली की उपटतो. उन्हाने नायलॉन कुजतं, म्हणून दरवर्षी दोन माणसांनी लोंबकळून दोर तपासावा. काठावर हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून ठेवा, शेजारी लांब बांबू ठेवा. कुणी पडलं तर आधी हे फेका, उडी नको. कुंपण पाच फूट हवं आणि फाटकाची कडी पोरांचा हात पोहोचणार नाही इतकी वर.

कांदा लागणीला किंवा द्राक्षाच्या विरळणीला मजुरांची पोरं बांधावर खेळत असतात आणि आई-बाप वाकून कामात असतात. बांगलादेशात याच कामाच्या वेळेत लहान मुलांना गावातच एका बाईच्या देखरेखीखाली ठेवणारी ‘आँचल’ केंद्रं काढली आणि बुडून होणारे बालमृत्यू बरेच घटले. टोळी लावताना एका बाईला पूर्ण मजुरी देऊन फक्त पोरांकडे ठेवा. आमच्या मते हा कुंपणाइतकाच आवश्यक खर्च आहे.

बाहेर काढलेल्याला उलटं धरू नका, पोट दाबून पाणी काढू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर एकाने 108 लावावा, दुसऱ्याने नाक चिमटीत धरून तोंडाने 2 ते 5 श्वास द्यावेत, छाती फुगते का ते पाहत. मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास, असं चालू ठेवा. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.

प्रश्न (सातपूर): अपघात हा नशिबाचा भाग. त्यात आरोग्य खात्याचं काय काम?

इजा आणि हिंसा यांमुळे जगात दरवर्षी सुमारे 44 लाख माणसं मरतात. रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. नशीब असं देश पाहून वागत नाही. अमेरिकेतले डॉ. विल्यम हॅडन यांनी अपघाताचे तीन भाग पाडून विचार करायला शिकवलं: धडकेआधी, धडकताना आणि नंतर. आधी वेग आवरणं, नंतर लवकर मिळणारी रुग्णवाहिका. मधल्या क्षणी हेल्मेट. ते डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 70 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 40 टक्क्यांनी कमी करतं, पण पट्टा लावला तरच. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच तो सैल ठेवा.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): रात्री कांद्याची ट्रॉली महामार्गाने न्यावी लागते. मागून गाडी धडकू नये म्हणून काय करावं?

ताशी 80 च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डिपरच्या उजेडात अंधारातली ट्रॉली 40-50 मीटरवर दिसते, तोवर ब्रेक लागून थांबायला जागा उरत नाही. म्हणून परावर्तक पट्टी लावा: मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. लावलेली पट्टी बहुतेकदा लोंबणाऱ्या ताडपत्रीने झाकते किंवा चिखलाने मरते, तेव्हा निघताना फडक्याने पुसा. टेललाइटची वायर तपासा. बिघाड झाला तर ट्रॉली डांबराच्या पूर्ण बाहेर घ्या, निदान 50 मीटर मागे त्रिकोण ठेवा. ओळीने मांडलेले दगड निघताना उचला, तेही माणसं मारतात.

प्रश्न (पंचवटी): वरच्या मजल्यावरच्या ताईंना नवरा मारतो. घरगुती बाबीत पडावं का?

पडावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी दहात जवळपास तिघींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. मारहाण चालू असेल तर 112 लावा. एकट्याने त्याच्याशी भिडू नका. दोघं-तिघं मिळून बेल वाजवा, काहीतरी मागा, मारहाण तुटते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही.

ताईंशी त्या एकट्या असताना बोला. “उद्याच घर सोडा” असं सांगू नका, कारण सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. आधी आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे तुमच्याकडे ठेवू द्या. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्यांच्याकडून पाठ करून घ्या. दवाखान्यात इजा कशी झाली ते त्यांनी खरं सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. उपचारासाठी पोलीस तक्रारीची अट नसते.

एक गोष्ट नक्की विचारा: गळा दाबला होता का? आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही त्याची लक्षणं. बाहेर वण नसला तरी आत सूज वाढत जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकदा गळा दाबला गेला असेल तर पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो. संरक्षण अधिकाऱ्याला हे पहिल्या वाक्यात सांगा.