अमेरिकन स्टँडअप विनोदवीर जॉर्ज कार्लिनचे अल्बम ऐकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

बहुतेक जण तुम्हाला टीव्हीवर न चालणाऱ्या सात असभ्य शब्दांसाठी थेट 'क्लास क्लाउन'कडे पाठवतील. मी म्हणेन, आधी 'एफएम अँड एएम' (१९७२) लावा. आणि तोही उलटा: आधी एएमची बाजू, मग एफएमची.

एएमवर जुना कार्लिन आहे, टीव्हीवाल्यांचा लाडका. बातम्या, गेम शो, रेडिओ निवेदक यांच्या नकला. हात बसलेला, पण कुणालाच न बोचणारा. बाजू बदलली की तोच माणूस स्वतःचे वाढलेले केस, ड्रग्ज, जाहिरातींतला चावटपणा यांवर बोलायला लागतो. एका शिवीपायी लास वेगासच्या हॉटेलातलं काम गेलं, तेही तिथेच येतं. एक कलाकार कात टाकताना एकाच तबकडीवर सापडणं दुर्मिळच. ग्रॅमी मिळालं ते उगाच नाही.

मग 'क्लास क्लाउन', तोही १९७२चाच. मला त्यातल्या सात शब्दांपेक्षा शाळेच्या आठवणी जास्त आवडतात: वर्गात बोटं मोडणं, तोंडाने चित्रविचित्र आवाज काढणं, पाद्र्यापुढचं पापनिवेदन. कॉन्व्हेंटात शिकलेला वसईकर किंवा गोंयकार इथे लोळून हसेल. सात शब्द सादर केले म्हणून त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीत त्याला अटक झाली. खटला पुढे बारगळला.

'ऑक्युपेशन: फूल'मध्ये (१९७३) तोच विषय पुढे जातो. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओने तो भाग भरदुपारी लावला, मुलाबरोबर गाडीतून जाणाऱ्या एका माणसाने तो ऐकला आणि तक्रार केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: मुलं ऐकत असण्याची शक्यता असेल अशा वेळी असल्या प्रसारणावर सरकारी आयोग कारवाई करू शकतो. गंमत म्हणजे तबकडी मात्र दुकानात खुशाल मिळत होती.

१९७७पासून तो एचबीओ या अमेरिकन केबल वाहिनीवर दिसू लागला. पुढचे बरेचसे अल्बम म्हणजे त्या कार्यक्रमांचा नुसता आवाज, त्यामुळे ते सरळ बघाच. अपवाद 'जॅमिन इन न्यूयॉर्क'चा (१९९२). विमानातल्या सूचनांची तो एकेक शब्द धरून अशी काही सालं काढतो की चित्र नसलं तरी चालतं. 'इट्स बॅड फॉर या'चं रेकॉर्डिंग मार्च २००८ मधलं. जूनमध्ये तो गेला. म्हातारपण आणि मरण यांवर तो इतका मोकळा कधीच बोलला नव्हता.

१९६७चा 'टेक-ऑफ्स अँड पुट-ऑन्स' मात्र सगळं संपल्यावर, कुतूहल उरलं तरच.