बालाघाटच्या डोंगरात पडलेलं पाणी नेमकं सोलापूरकडेच येतं का?

सगळं नाही. तुम्ही डोंगराच्या कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर ते ठरतं. बालाघाटचा माथा हा जलविभाजक आहे. उत्तरेकडचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, दक्षिणेकडचं सीना, भोगावती, बोरी अशा वाटांनी भीमेला मिळून पुढे कृष्णेत. म्हणजे माथ्यावर दोन पावलांच्या अंतरात पडलेल्या सरी वेगवेगळ्या नद्यांच्या होतात.

बार्शीच्या उत्तरेला डोंगरातला एखादा ओढा चढत जाऊन बघा. पात्रात काळ्या बेसॉल्टचे गोटे, कडेला उकरलं की पिवळसर मुरूम. पाणी त्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरतं, खाली अखंड पाषाण लागला की आडवं सरकतं आणि कुठेतरी झऱ्यासारखं बाहेर येतं. साठा थोडा, त्यामुळे होळीनंतर ओढा आटतो, पण वाळूत हातभर झिरा खणला तर वाटीभर पाणी बऱ्याचदा मिळतं.

सीना भीमेला मिळते हत्तरसंग कुडलला. तिथला शके ९४० चा मराठी शिलालेखही बघून या! बोरीवर मात्र वाटेत नळदुर्गच्या किल्ल्यातला बंधारा आणि पुढे अक्कलकोटजवळचं कुरनूर धरण लागतं.