जर्मनची नियमित क्रियापदं चालवताना बोलण्यात गोंधळ का होतो?

तुमचा प्रश्न असा आहे: ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या, परीक्षेला बसायचंय, नियमित क्रियापदांचा तक्ता पाठ आहे, वहीत सगळं बरोबर येतं, पण तोंड उघडलं की प्रत्यय चुकतात. मग प्रत्येक क्रियापदाचा तक्ता वेगळा घोकावा का?

अजिबात घोकू नका. मी पुण्यात ए-वनचे वर्ग घेते, आणि माझं ठाम मत आहे की मराठी माणूस प्रत्ययांवर अडत नाही, सर्वनामांवर अडतो. 'कोणाशी किंवा कोणाबद्दल बोलतोय' हे मनात पक्कं झालं की प्रत्यय आपोआप जागेवर येतो.

आधी प्रत्यय बघून टाकू. 'लेर्नन' म्हणजे शिकणे. शेवटचा 'अन' काढला की धातू उरतो 'लेर्न'. आता तो चालवायचा: इश (मी) लेर्नऽ, डू (तू) लेर्न्स्ट, एर (तो) लेर्न्ट, वीर (आम्ही) लेर्नन, ईर (तुम्ही) लेर्न्ट, झी (ते) लेर्नन. तक्त्यात घरं सहा दिसतात, पण प्रत्यय चारच आहेत: 'अ', 'स्ट', 'ट' आणि 'अन'. 'ट' दोनदा येतो, 'अन' दोनदा येतो, आणि 'अन'वालं रूप तर शब्दकोशात दिलेलं मूळ रूपच आहे. 'इश'बरोबरचा 'अ' आपल्या 'केलं', 'गेलं'च्या शेवटी ऐकू येतो तसा उच्चारायचा. वोनन (राहणे), श्पीलन (खेळणे), कोखन (स्वयंपाक करणे), फ्रागन (विचारणे) ही सगळी याच वाटेनं जातात.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर यातलं अर्धं तुम्हाला ओळखीचं वाटेल. पठसि, पठति आठवा. 'सि'च्या जागी 'स्ट', 'ति'च्या जागी 'ट'. हा योगायोग नाही, दोन्ही प्रत्यय एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत. जर्मनमध्ये आधी नुसता 'स' होता. क्रियापदामागे येणारं 'तू'चं सर्वनाम त्याला चिकटलं आणि 'स्ट' झाला. 'पठन्ति'मधल्या 'न्ति'चा शेवट जर्मनमध्ये झिजला आणि 'ते शिकतात'साठी 'लेर्नन' उरलं. फ्रान्झ बोप या जर्मन अभ्यासकानं 1816 साली संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतल्या रूपांशेजारी ठेवून ग्रंथ लिहिला, आणि तौलनिक भाषाशास्त्राची पायाभरणी तिथून झाली असं मानतात. मला हे वर्गात सांगायला फार आवडतं, कारण ते ऐकल्यावर मुलं जर्मनचा तक्ता परका मानत नाहीत.

आता खरी अडचण. मराठीत 'तुम्ही' हा एकच शब्द दोन कामं करतो: एका माणसाला आदरानं बोलावतो आणि अनेकांनाही बोलावतो. जर्मनमध्ये ही कामं विभागलेली आहेत. 'ईर' म्हणजे ज्यांना एकेकटं 'डू' म्हणाल अशांचं अनेकवचन: दोन मैत्रिणी, भावंडं, मुलं. तिथे आईला 'डू', बाबांनाही 'डू', आणि दोघांना मिळून 'ईर'. अनोळखी माणूस, दुकानदार, डॉक्टर, परीक्षक यांच्यासाठी 'झी', मग समोर एक असो की दहा. आपले विद्यार्थी मनात 'तुम्ही' म्हणतात आणि परीक्षकाला विचारतात, 'वो वोन्ट ईर?', म्हणजे 'तुम्ही कुठे राहता?'. प्रत्यय बरोबर आहे, पण एकट्या परीक्षकाला मित्रांच्या टोळक्यासारखं विचारल्यासारखं होतं. हवं होतं 'वो वोनन झी?'. जुन्या काळी 'ईर' एका माणसाला आदरानंही म्हणत, पण आजच्या प्रमाण जर्मनमध्ये तसं करू नका.

मग आदराच्या 'झी'ला 'अन' का? कारण ते मुळात 'ते'चंच रूप आहे. आपण 'साहेब आले', 'आजोबा झोपलेत' असं म्हणतो तेव्हा एका माणसासाठी अनेकवचनच वापरतो ना? जर्मन माणूस तेच समोरच्याशी बोलताना करतो. हे लक्षात आलं की तीन 'झीं'चा गुंता सुटतो. 'ती' या अर्थाची झी: झी लेर्न्ट. 'ते सगळे' या अर्थाची झी: झी लेर्नन. आदराची झी, जिचं पहिलं अक्षर लिहिताना नेहमी मोठं असतं: तीही झी लेर्नन. कानाला तिन्ही सारख्याच, त्यामुळे पहिल्या दोघींतला फरक क्रियापदाच्या शेवटावरूनच कळतो. म्हणून तो शेवट तोंडात गिळू नका.

बाकी सर्वनामं सोपी आहेत. आम्ही आणि आपण, दोघांनाही 'वीर'. तो, ती, ते ही तीन लिंगं आपल्याकडे आहेतच, आणि जर्मन क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. आपण राहतो-राहते-राहतं करतो, ते फक्त 'वोन्ट' म्हणतात.

आणखी एक सवय सोडावी लागते. 'मी शिकते', 'मी शिकते आहे', या दोन्हींना जर्मनमध्ये एकच वाक्य: इश लेर्नऽ. 'आहे' आणायच्या नादात काहीजण 'इश बिन लेर्नन' म्हणतात. असं रूप नाही. 'मी उद्या शिकेन'सुद्धा बोलताना बहुतेक वेळा 'इश लेर्नऽ मॉर्गन' असंच होतं, 'मॉर्गन' म्हणजे उद्या.

जिथे तक्ता थोडा वाकतो तिथे कारण जिभेचं आहे. धातूच्या शेवटी 'ट' किंवा 'ड' असेल तर त्यावर 'स्ट' किंवा 'ट' बोलणं अवघड, म्हणून मध्ये 'ए' येतो: आर्बाइटन (काम करणे), डू आर्बाइटेस्ट, एर आर्बाइटेट. रेश्नन (हिशेब करणे), आट्मन (श्वास घेणे) यांचंही तसंच, रेश्नेस्ट, आट्मेस्ट; स्वतः मोठ्यानं म्हणून बघा, 'ए' का लागतो ते कळेल. 'लेर्नन'मध्ये 'न'च्या आधी 'र' असल्यानं जीभ अडत नाही आणि 'ए'ची गरज पडत नाही. धातूच्या शेवटी 'स' किंवा 'त्स' असेल तर 'स्ट'मधला 'स' गळतो: टांत्सन (नाचणे), डू टांत्स्ट, राइझन (प्रवास करणे), डू राइस्ट. इथे 'डू' आणि 'एर' यांची रूपं एकच होतात, ती चूक समजू नका. झामल्न (गोळा करणे) यासारख्यांत 'इश'बरोबर मधला स्वर जातो, इश झाम्लऽ, आणि 'वीर'ला फक्त 'न' लागतो.

सराव तक्त्याचा नको, जोडीचा करा. ए-वनच्या तोंडी परीक्षेत आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते, नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. मग कार्डावरच्या शब्दावरून एकमेकांना प्रश्न विचारायचे असतात. म्हणजे 'इश' आणि समोरच्याचं रूप ही जोडीच कामाला येते. 'वो वोनन झी?' 'इश वोनऽ इन पुणे.' लगेच तोच प्रश्न मैत्रिणीला, 'वो वोन्स्ट डू?', आणि मग दोघींना मिळून, 'वो वोन्ट ईर?'. एकच क्रियापद घेऊन माणसं बदलत राहा. दहा क्रियापदांचे तक्ते लिहिण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

भूतकाळाबद्दल थोडंच सांगते. बोलताना बहुधा 'हाबन' (जवळ असणे) चालवायचं आणि शेवटी 'गे...ट' असलेलं रूप ठेवायचं: इश हाबऽ गेलेर्न्ट, डू हास्ट गेलेर्न्ट, एर हाट गेलेर्न्ट. मराठीत 'मी धडा वाचला', 'मी गोष्ट वाचली' असं कर्मानुसार क्रियापद बदलतं, इथे कर्म काहीही असो, 'गेलेर्न्ट' जसंच्या तसं राहतं आणि 'हाबन' कर्त्याप्रमाणे चालतं. प्रवासाच्या क्रियापदांना 'हाबन'ऐवजी 'झाइन' (असणे) लागतं, 'इश'बरोबर त्याचं 'बिन' होतं: इश बिन गेराइस्ट. श्टुडीरन (उच्च शिक्षण घेणे) सारख्या 'ईरन'वाल्यांना आणि बेझूखन (भेट देणे), फेरकाउफन (विकणे) सारख्यांना 'गे' लागत नाही: श्टुडीर्ट, बेझूख्ट, फेरकाउफ्ट. आणि आर्बाइटनचं होतं गेआर्बाइटेट, तिथेही मधला 'ए' जिभेसाठीच.