आईला फार चालवत नाही, तरी चंद्रपूरचा किल्ला आणि जुनं शहर दाखवता येईल का?

येईल. डिसेंबरात पुण्याहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या गावी लग्नाला येताय, सोबत सत्तरीची आई, शंभर पावलांवर तिला बसावं लागतं आणि हाताशी एकच मोकळा दिवस, असं तुम्ही लिहिलंय. मी मूल तालुक्यातलाच, धानाची शेती, वय 64. दोन्ही गुडघे गेलेत, काठीशिवाय अंगण ओलांडत नाही. तरी दवाखान्याच्या निमित्तानं चंद्रपूरला गेलो की परतताना एखादा दरवाजा पाहून येतो. घरचे हसतात, हसू द्या.

किल्ला म्हटलं की पुण्याच्या माणसाला सिंहगड आठवतो, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा की इथं चढायचं काही नाही. गोंड राजांनी शहराभोवती दगडी परकोट घातला, त्याचा घेर 11 किलोमीटरच्या आसपास. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटी दारं. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे एक ससा लागला, तो जिथून जिथून धावला तिथून भिंत बांधली, अशी आमच्याकडची गोष्ट. सशानं पायी मारलेली फेरी आईनं ऑटोत बसून मारायची, एवढाच बेत ठेवा.

मूल ते चंद्रपूर 45 किलोमीटरच्या आसपास. लग्नघरचे प्रेमानं बोलेरो देतील, हात जोडून नाही म्हणा. तिची पायरी म्हणजे गुडघेवाल्याला शिक्षा. लहान कार घ्या. एस.टी.नं यायचं असेल तर बायकांना अर्धं तिकीट आहे, पण पहिली पायरी जमिनीपासून फार उंच. मी त्यासाठी घरचा लाकडी पाट नेतो. कडेला भोक पाडून सुतळी बांधलीय. पाटावर उभं राहायचं, दांडी धरून आत जायचं आणि सुतळीनं पाट वर ओढून घ्यायचा. पहिल्यांदा लाज वाटली. आता मीच विसरलो तर कंडक्टर ओरडतो, "अजी काकाजी, पाट ऱ्हायला तुमचा!"

शहरात पोचलात की कार उभी करा आणि ऑटो ठरवा. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत ऑटो वळतो, थांबतो, आणि त्याची बैठक खुर्चीच्या उंचीची असते. ठरवताना ठिकाणं मोजू नका, तास मोजा, आणि स्पष्ट सांगा की जागोजागी थांबावं लागेल, माणूस हळू उतरेल. हे आधी बोललं नाही तर ऑटोवाला दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवतो. असा एक मला भेटला होता, अर्ध्यातूनच सोडावा लागला. आईला चढवताना आधी पाठमोरी बसवा, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना ऑटो एखाद्या ओट्याला लावून घ्या, म्हणजे अर्धी उंची वाचते.

जटपुरा दरवाजा फार गाजलेला, पण तिथं गाड्यांची अशी कोंडी असते की मान वर करून पाहायचीही सोय नाही. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर तो ऑटोतूनच पाहून पुढे व्हा. थांबायचं ते पठाणपुऱ्याला. माझा सगळ्यात आवडता दरवाजा तोच. रस्ता कमानीखालूनच जातो, वर्दळ कमी. दोन्ही अंगांना हत्तीवर चढलेला सिंह कोरलाय, गोंड राजांचं ते चिन्ह. आईला ऑटोतच बसू द्या आणि ऑटोवाल्याला गाडी जरा तिरपी लावायला सांगा. सकाळचं ऊन तिरपं पडलं की सिंहाच्या पंज्याखालचा तो एवढासा हत्ती नीट दिसतो. मी एकदा वीस मिनिटं तसाच बसलो होतो. शेवटी ऑटोवाला म्हणाला, "काकाजी, गेट विकत घेता का?"

मग अंचलेश्वर. दरवाजाबाहेर मंदिर आणि त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या. सगळ्यात मोठी बिरशहाची, राणी हिराईनं बांधलेली. आवारात उंबरे आणि पायऱ्या आहेत, इथं आईची शंभर पावलं खर्च करा, कारण ती इथंच वसूल होतात. चार पावलं, जरा टेकणं, परत चार पावलं. घडीचं स्टूल आणलंत तर उत्तम.

महाकालीचं मंदिर तिथून जवळच. मंगळवार टाळा, आणि चैत्रातल्या यात्रेत तर मुळीच नको. नांदेडकडून लोटच्या लोट येतात, ऑटो जवळही जात नाही. आत भुयारासारख्या वाटेनं खाली उतरायचा हट्ट आईला करू देऊ नका, वरचं दर्शन पुरे. लालपेठेकडे देवांच्या अजस्र मूर्ती आहेत, तिथं मात्र न्या. अखंड दगडाच्या, उघड्यावर पडलेल्या, मंदिरात कधी बसल्याच नाहीत.

परकोटावर चढून चालायला जायचं मन होईल तुमचं. ते तुम्ही एकट्यानं, आई जेवणानंतर आडवी झाल्यावर. आणि जेवायचं हॉटेल चवीपेक्षा कमोड पाहून निवडा. उकिडवं बसता येत नसेल तर म्हातारं माणूस दिवसभर पाणीच पीत नाही, आणि विचारलं तर "तहान नाही" म्हणतं. माझं मीच सांगतोय.

डिसेंबरात सकाळी बोचरी थंडी असते, ऑटोत वारा लागतो. गुडघ्यांवर घ्यायला एक शाल वेगळी ठेवा. पाट हवा असेल तर आमच्या गावावरून जाताना घेऊन जा, फक्त सुतळी तोडू नका.