इथे माणसाच्या तासाला दर असतो
वाचकांचे प्रश्न : फौजेनंतर प्रोजेक्ट मॅनेजमेंट

फौजेतून पेन्शनीवर आलेल्या आणि येऊ घातलेल्या वाचकांची, तसेच त्यांच्या घरच्यांची या विषयावर पत्रे आली. बऱ्याच पत्रांत तेच प्रश्न फिरून फिरून होते, म्हणून पाच निवडली आहेत.

प्रश्न : मी इंजिनिअर्समध्ये सुभेदार आहे. बारावी पास, सर्व्हिस सव्वीस वर्षे, चौदा महिन्यांनी पेन्शन. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या दाखल्याची परीक्षा द्यायची आहे. सैन्याने दिलेले पदवी समकक्ष प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. मग मी पदवीधरांच्या रांगेत बसतो ना? (सातारा जिल्हा)

नाही बसत. पुष्कळ जण इथेच फसतात. ते प्रमाणपत्र दहावी पास आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकांना केंद्र सरकारच्या 'क' गटातल्या, पदवी मागणाऱ्या पदांसाठी अर्ज करता यावा म्हणून आहे. विद्यापीठाची पदवी म्हणून ते चालत नाही. पीएमपी देणारी पीएमआय ही अमेरिकी संस्था आहे आणि तिचे नियम तिचे आहेत. पदवी असेल तर ३६ महिने, नुसती बारावी असेल तर ६० महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो. शिवाय दोघांनाही प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या ३५ तासांच्या शिक्षणाचा दाखला हवा. तुम्ही ६० महिन्यांच्या रांगेत उभे राहा. इंजिनिअर्सच्या सुभेदाराला ते जड जाऊ नये.

मात्र सव्वीस वर्षे म्हणजे ३१२ महिने असा हिशेब तिथे चालत नाही. अनुभव अलीकडच्या वर्षांतला लागतो, नेमकी मर्यादा पीएमआयच्या संकेतस्थळावर बघून घ्या. त्यातही मोजला जातो तो प्रकल्प, रोजचे कामकाज नाही. कोत (शस्त्रागार) सांभाळणे, लंगर चालवणे, गार्ड लावणे हे कामकाज झाले. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी हाताला लागणारी एक वस्तू आहे तो प्रकल्प. बेली पूल (सुटे लोखंडी भाग जोडून केलेला) टाकणे, वाहनांची शेड उभारणे, डेपो एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवणे, पाण्याची नवी लाईन टाकणे हे सगळे त्यात येते. आणि एकाच वेळी चाललेली दोन कामे दोनदा मोजता येत नाहीत. जानेवारी ते जून पुलाचे काम आणि एप्रिल ते सप्टेंबर शेडचे काम असेल तर बेरीज बारा नाही, नऊ महिने. एप्रिल, मे, जून एकदाच धरायचे.

आजच एक वही घाला. प्रत्येक कामापुढे सुरू झाल्याचा आणि संपल्याचा महिना, हाताखाली किती माणसे, काय तयार झाले, मुदत किती होती, लागली किती आणि उशीर झाला असेल तर का, एवढे लिहा. उशीर लपवू नका. "छपराचे पत्रे तीन आठवडे उशिरा आले, तेवढ्या काळात आधी फरशीचे काम उरकले" हे वाक्य "सी.ओ. साहेबांच्या आदेशानुसार सर्व कामे चोख पार पाडली" या वाक्यापेक्षा शंभर पटीने कामाचे आहे. दुसऱ्या वाक्यावरून तुम्ही नेमके काय केले हे कुणालाच कळत नाही. अर्ज इंग्रजीत भरायचा असतो आणि प्रत्येक प्रकल्पाचे वर्णन काही शे शब्दांत द्यावे लागते. त्यात उद्दिष्ट, तुमची भूमिका आणि निकाल येऊ द्या. ठिकाण, युनिटचे नाव, संख्याबळ, शस्त्रसामग्री यांतले काहीही येऊ देऊ नका. 'उत्तरेकडच्या डोंगराळ भागात' एवढे पुरते. अधिकृत गुपिते कायदा, १९२३ वर्दी उतरवल्यावरही लागू राहतो.

आता चौदा महिने हातात आहेत म्हणून सर्वांत महत्त्वाचे. काही अर्ज पीएमआय तपासणीसाठी निवडते. तसे झाले की प्रत्येक प्रकल्पासाठी त्या वेळच्या वरिष्ठाची सही मागतात आणि कागद पुरे करायला ९० दिवस देतात. तुमचे तेव्हाचे कंपनी कमांडर एव्हाना कुठल्या कुठे पोस्ट झालेले असतील. त्यांना आत्ताच फोन करा, कामाचा मजकूर वाचून दाखवा, त्यांचा खासगी ईमेल घ्या. पेन्शनीनंतर हा शोध फार दमवतो.

३५ तासांसाठी आधी डीजीआर, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सची यादी युनिटमार्फत मागवा. जेसीओ (तुमच्यासारखे सुभेदार वगैरे) आणि जवानांना हे कोर्स मोफत असतात, अधिकाऱ्यांना ४० टक्के फी भरावी लागते. कोर्सच्या दाखल्यावर तासांची संख्या छापलेली आहे ना, हे जागेवरच बघून घ्या. नुसते 'यशस्वीरीत्या पूर्ण केला' असे लिहिलेला कागद तपासणीत अडचणीत आणतो.

प्रश्न : शॉर्ट सर्व्हिस संपवून कॅप्टन म्हणून बाहेर पडलो, एएससीमध्ये (सैन्याच्या रसद-वाहतूक शाखेत) होतो. तीन मुलाखती झाल्या. नेतृत्व, शिस्त यावर सगळे खूश होतात आणि मग विचारतात, "बजेट किती हाताळलं?" तिथे गाडी अडते. काय सांगायचे? (पुणे)

प्रश्न विचारणाऱ्याचे चुकत नाही. फौजेत नियोजन करताना वेळ मोजतात, अंतर मोजतात, डिझेल मोजतात. माणूस मात्र फुकट धरलेला असतो. काम मागे पडले की आणखी वीस जवान लावा, रात्रपाळी करा. त्याचे बिल कुणाच्या टेबलावर येत नाही. सिव्हिलमध्ये ती वीस माणसे म्हणजे वीस हजेऱ्या, ओव्हरटाइम, जेवण, लाईट, विमा. तुमचा पहिला झटपट उपाय मालकाच्या दृष्टीने बहुतेक वेळा सर्वांत महाग असतो. समोरचा ते चाचपून बघत असतो.

एक हिशेब पक्का करून जा. १,००० मीटर कंपाउंड भिंत, दहा आठवडे, ४० लाख रुपये. म्हणजे आठवड्याला १०० मीटर, ४ लाख. चौथ्या आठवड्याअखेर ४०० मीटर व्हायला हवी होती, म्हणजे १६ लाखांचे काम. झाली ३०० मीटर, म्हणजे १२ लाखांचे. खर्च मात्र १५ लाख. झालेल्या कामाची किंमत भागिले खर्च, १२ भागिले १५, म्हणजे ०.८०. याला सीपीआय म्हणतात, खर्चाचे माप. १२ भागिले ठरलेले १६, म्हणजे ०.७५. हा एसपीआय, वेळेचे माप. याच चालीने गेले तर ४० भागिले ०.८०, भिंत ५० लाखांना पडणार आणि दहाऐवजी तेरा आठवड्यांच्या वर जाणार.

इथपर्यंत गणित कुणीही पाठ करतो. पुढचा प्रश्न खरा: माणसे वाढवायची का? ते भिंतीकडे बघून ठरत नाही, वेळापत्रकाकडे बघून ठरते. भिंतीवाचून पुढचे कुठलेही काम अडत नसेल आणि तिच्या पदरी चार आठवड्यांची सवड, म्हणजे फ्लोट असेल, तर रात्रपाळी लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तेव्हा वेळेचा नाद सोडा आणि १२ लाखांच्या कामाला १५ लाख का लागले ते शोधा. विटा फुटल्या, माप चुकले, की गवंडी बसून होते? भिंत क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्या कामांच्या उशिराने सगळा प्रकल्पच लांबतो त्या साखळीत असेल, तिच्यामुळे गेट आणि गेटमुळे मशिनरी अडत असेल, तर रात्रपाळीचा खर्च एका बाजूला आणि उशिराचा दंड दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करा. मुलाखतीत या क्रमाने बोललात की बजेटचा प्रश्न पुन्हा येत नाही.

आणि बजेट हाताळलेच नाही हेही खरे नाही. भाड्याने घेतलेल्या सिव्हिल गाड्या आठवा. रोज किती गाड्या, काय दर, किती दिवस? गुणाकार करा, आकडा लाखांत जातो. ताज्या रेशनचे काँट्रॅक्ट, कमी वजनाचा माल परत पाठवल्याच्या नोंदी, जेमवर (सरकारी ऑनलाइन बाजारावर) टाकलेली बिड, स्थानिक खरेदीचे बोर्ड, यांतल्या ज्यात तुमची सही होती ते सगळे तुमचे. 'मंजूर रक्कम', 'प्रत्यक्ष खर्च', 'फरक' असे तीन रकाने करा. आकडे गोल करून सांगा, मूळ कागद घरी ठेवू नका.

काँट्रॅक्ट वाचायला शिका, हे आणखी एक. मोठ्या बांधकामांवर फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) धर्तीचे करार असतात. त्यात वाढीव वेळ किंवा पैसे मागायचे असतील तर घटना कळल्यापासून २८ दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फौजी माणूस समोरच्याशी फोनवर बोलतो, "बघून घेऊ" असा शब्द मिळतो, तो शब्दावर विश्वास ठेवतो. एकोणतिसाव्या दिवशी तो शब्द कुणाला आठवत नाही.

प्रश्न : मिस्टर नेव्हीत चीफ पेटी ऑफिसर होते, चार महिन्यांपूर्वी घरी आले. एक क्लासवाला रोज फोन करतो. मोठी रक्कम एकदम भरा, पीएमपी आणि नोकरी दोन्हीची हमी, म्हणतो. भरावी का? (रत्नागिरी)

भरू नका. परीक्षेची हमी देणाराच मुळात संशयास्पद. १८० प्रश्न, जवळजवळ चार तास, तेही पीएमआयने नेमलेल्या यंत्रणेमार्फत. क्लासवाल्याचा तिथे हात पोचत नाही. नोकरीची हमी असेल तर ती कागदावर मागा: कोणत्या कंपनीत, किती पगारावर, किती मुदतीत, नाही मिळाली तर परतावा कसा. बहुधा फोन बंद होतात. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळणारे) पैसे खात्यात येण्याचा महिना या लोकांना चांगला ठाऊक असतो.

परीक्षेचा आराखडा पीएमआय दर काही वर्षांनी बदलते. कोणताही क्लास लावण्याआधी चालू आराखडा संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्या आणि क्लासच्या नोट्स त्याच आवृत्तीच्या आहेत का ते ताडून बघा. अर्ज मंजूर झाल्यावर वर्षभरात तीनदा परीक्षा देता येते, पण फेरपरीक्षेची फी वेगळी. पास झाल्यावरही दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे साधारण साठ तासांचे शिक्षण किंवा काम, दाखवावे लागते. हा खर्च क्लासवाला सांगत नाही.

जहाजाच्या रिफिटवर (मोठ्या दुरुस्तीवर) मिस्टरांनी काम केले असेल तर तो अनुभव अस्सल प्रकल्पाचा आहे. ठरलेला काळ, कामांची यादी, डॉकयार्डशी समन्वय, शेवटी चाचण्या, सगळे त्यात आहे. शिपयार्ड आणि रिफायनरीच्या शटडाऊनची कामे याच जातीची असतात. अर्ज तिकडे आधी करायला सांगा.

प्रश्न : लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त. सध्या साईटवर प्रोजेक्ट मॅनेजर. सब-काँट्रॅक्टरची माणसे सांगितलेले ऐकत नाहीत, मालक म्हणतो "जरा नरमाईने घ्या". मग कामे करायची कशी? (नागपूर)

ती तुमची माणसे नाहीत, हे आधी मान्य करावे लागेल, साहेब. सेंटरिंगवाला तुमचा हुकूम मोडला म्हणून ऑर्डरली रूममध्ये शिक्षेच्या सुनावणीला उभा राहणार नाही, तो दुपारी शेजारच्या साईटवर जाईल. त्याला बांधणारी गोष्ट एकच, त्याच्या ठेकेदाराचे बिल. म्हणून मजुराशी बोलू नका, ठेकेदाराशी बोला. आणि बोलण्याआधी वर्क ऑर्डर वाचा. त्यात स्लॅबच्या किती दिवस आधी किती माणसे द्यायची हे लिहिले नसेल, तर रागावण्याचा आधारच नाही. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये ते घाला.

रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याने बैठक घ्या, फळ्यावर तीन गोष्टी: काल काय झाले, आज काय होणार, काय अडले. तिसरा रकाना मोकळा राहू लागला तर समजा, माणसे तुम्हाला घाबरतात. फौजेत "हो साहेब" म्हणजे काम झाल्यात जमा. साईटवर "हो साहेब" म्हणजे बहुतेक वेळा "तुम्ही आधी इथून जा". मग माप घ्या. "काम चालू आहे" याला उत्तर धरू नका, किती मीटर झाले ते विचारा.

प्रश्न : नाईक, सतरा वर्षे सेवा, दहावी पास, इन्फंट्री. वय ३६. मला सगळे सिक्युरिटीच सुचवतात. प्रोजेक्टमध्ये शिरकाव होईल का? (कोल्हापूर जिल्हा)

होईल, पण पीएमपीच्या दाराने नाही. तो विचार सध्या बाजूला ठेवा. तुमचे दार साईट स्टोअर्स, मटेरियल, मजूर हजेरी आणि सेफ्टी या बाजूला आहे. सिमेंटच्या ४०० गोण्या आल्या, ३८० लागल्या, २० कुठे गेल्या, हे न चुकता सांगणारा माणूस साईटवर फार लवकर वर जातो, कारण असे लोक थोडे.

पहिल्या सहा महिन्यांत एक्सेल शिका: बेरीज, फिल्टर, दोन याद्या ताडणे, तारखांमधले दिवस काढणे. मग वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि प्रायमावेरा महाग आहेत; 'प्रोजेक्टलिब्रे' फुकट मिळते आणि शिकायला पुरते. घराच्या दुरुस्तीचे वेळापत्रक त्यात मांडून बघा, कुठले काम कुठल्या कामावाचून अडते ते तिथे डोळ्यांना दिसते. सोबतच बारावीचे बघा आणि नंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी. बारावी झाली की पीएमआयचीच सीएपीएम ही खालच्या पायरीची परीक्षा २३ तासांच्या शिक्षणावर देता येते, अनुभवाची अट नसते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधारच्या झेरॉक्स बरोबर न्या. फॉर्मवर 'पसंतीचे काम' अशी जागा असेल तर तिथे सिक्युरिटी लिहू नका, 'साईट स्टोअर्स' लिहा.